सातवं नाव

रविवार, १६ जानेवारी १९९४

लिलोंग,

हे पत्र मानांग देलिंग तुम्हाला वाचून दाखवील. माझं नाव ऐकलं की तुम्ही उठून आत जाल. मानांग, तू थांबू नकोस, जरा मोठ्यानं वाच. बांबूच्या भिंतीतून आतल्या खोलीत सगळं ऐकू जातं, हे आपण दोघं बहीणभाऊ लहानपणापासून जाणतो.

नातू म्हणून लिहायला मला तोंड उरलेलं नाही, म्हणून लेखनिक म्हणून लिहितो. पाचवीतून शाळा सोडून आलो तेव्हा अख्खं नागसाबारान गाव म्हणालं, पोरगं वाया गेलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. माझे डोळे चाललेत, मला एक हात हवाच होता." मग नऊ वर्षं तुम्ही बोललात आणि मी लिहिलं. मला जे काही लिहिता येतं ते तुमचंच आहे. हे पत्र वाकडंतिकडं झालं तर त्याचा थोडा दोष तुमच्याकडेही येतो.

थंडीबद्दल तुमची माफी मागायची आहे. साप्ताहिकात तुमची ती कविता आली होती, कोरियात थुंकी जमिनीवर पडायच्या आत तिचा खडा होतो, अशी. मला वाटायचं, आजोबा कवी आहेत, दोन गोष्टी वाढवून सांगणारच. परवा कारखान्याच्या मागे जाऊन मी थुंकून बघितलं. खडा झाला नाही. पण माझ्या मिशीचा झाला.

पहिला कारखाना सोडला. आता ब्लँकेटं रंगवायच्या कारखान्यात आहे. इथं बरं आहे. रंगाचे हौद गरम असतात, त्यांच्याजवळ उभं राहायला मिळतं. ब्लँकेटांवर वाघ आणि गुलाबाची फुलं छापतात. एकाच ब्लँकेटवर दोन्ही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वाघाला झोप कशी लागत असेल.

बॉयलरवर पाक नावाचा म्हातारा आहे. एका पायानं लंगडतो, सगळ्यांवर खेकसतो. मला म्हणाला, "तू कुठला?" म्हटलं, फिलिपिन्स. त्यानं फावडं खाली ठेवलं. म्हणाला, "लढाईत तुमचे लोक आले होते." म्हटलं, "माझे आजोबा आले होते. सार्जंट मेलेसिओ मादारांग. तेव्हा शिपाईच होते." त्या दिवसापासून तो रोज जेवताना माझ्या भातावर स्वतःच्या ताटातली किमची वाढतो. तिखट इतकी की डोळ्यांतून पाणी येतं आणि लोकांना वाटतं, पोराला घर आठवलं.

मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत मी त्याला तुमचं सगळं सांगितलं. तुम्ही खंदकातल्या साऱ्या पलटणीची प्रेमपत्रं कवितेत लिहून द्यायचात, ते सांगितलं. पलटणीतला तासिओ जिच्या मागं होता त्या मुलीनं उत्तर पाठवलं, 'पत्र ज्यानं लिहिलं त्यालाच परत पाठवा', आणि तीच पुढं आमची लिलांग, म्हणजे आजी, झाली, हे सांगितल्यावर म्हातारा इतका हसला की बॉयलरचा दाब उतरला आणि साहेब ओरडत आला.

तुमची कविता करायची रीत त्याला पटत नाही. मी म्हटलं, आमचे आजोबा लसणाच्या वेण्या घालता घालता कविता रचतात. एक गड्डा म्हणजे एक ओळ. ओळ जमली नाही तर गड्डा काढून दुसरा घालतात. वेणी पुरी झाली की कडवं पुरं. मग बोटं फिरवत मला सांगतात आणि मी लिहितो. त्यानं विचारलं, "आणि वेणीचं काय करता?" म्हटलं, विकतो. तो म्हणाला, "म्हणजे लोक कविता खातात?" मी कधी असा विचारच केला नव्हता, लिलोंग. मनिलात कुणीतरी तुमचं कडवं फोडणीला घातलं असेल.

तुमचा हात,
ऑर्लिनो


रविवार, ६ फेब्रुवारी

लिलोंग,

मानांगचं पत्र आलं. तिनं लिहिलंय की तुम्ही उठून आत गेला नाहीत, काठीवर हनुवटी ठेवून शेवटपर्यंत बसलात. हसलात की नाही, ते ती लिहीत नाही. मानांग, पुढच्या वेळी असलं काही गाळू नकोस. मी इथं तेवढ्यावरच जगतो.

पण तिनं दुसरंही लिहिलंय. जत्रेपासून तुम्ही एकही वेणी घातली नाही. राफायेलांच्या लग्नाला दोन्हीकडचे लोक बोलवायला आले, तुम्ही गेला नाहीत. दाल्लोतला, त्या लग्नातल्या सवाल-जवाबाला, दुसराच कुणीतरी गायला बसला आणि तिसऱ्या सवालालाच अडला. चाळीस वर्षं वराकडून तुम्ही गायला बसायचात आणि वधूकडचा शाहीर आधी तुमच्या पाया पडून मग सवाल टाकायचा. पाहुणे लग्नाचं जेवण सोडून तुमचे जवाब ऐकायला यायचे. कधी अडला नाहीत. आणि दर रविवारी मावशीसारखी भाजीची टोपली घेऊन येणारी इकित सालिंग अजून येत नाही, असंही तिनं लिहिलंय. म्हणजे मेपासून नऊ महिने झाले.

तेव्हा आता मला ते लिहिलंच पाहिजे.

जत्रेच्या दिवशी तुम्हाला ताप होता. तुम्ही मला पाठवलंत: "संत इसिद्रोवरची बारा कडवी म्हण आणि खाली उतर." मी तेच म्हणायला चढलो होतो. मंचाखाली बाकावर नगरपालिकेच्या सेक्रेटरीचा मुलगा बसला होता, बरोबर त्याचं टोळकं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "लसूणकवीनं नातवाला धाडलंय. म्हातारा कोरियात आचारी होता म्हणे! तिथंही लसूणच सोलला असेल." लोक हसले. लिलोंग, ते वाईट हसले नाहीत, जत्रेत हसतात तसंच हसले. पण मी दोन पेले घेतले होते, आणि तुमच्यावर कुणी हसलेलं मला सहन होत नाही. आजही होत नाही.

मी ती दुसरी सुरू केली. खंदकाची. तुम्ही मला सांगितलं होतंत, ही तोंडानं म्हणायची नाही, वहीतच राहू दे. वीस कडवी.

टोळकं सहाव्या कडव्याला गप्प झालं. दहाव्याला जत्रेतला पाळणा थांबवला कुणीतरी. मला वाटलं, बघा म्हणावं, माझे आजोबा कोण आहेत. मी पुढच्या रांगेत पाहिलं, तर इकित सालिंग पंखा धरून बसली होती. पंखा हलत नव्हता. तिचा भाऊ अंबो तिथंच पडला, हे तिला माहीत होतं. कसा पडला, ते कुणालाच माहीत नव्हतं. फक्त तुम्हाला आणि वहीला आणि मला. मी थांबायला हवं होतं. पण तुमचं वृत्त असं आहे की एक ओळ दुसरीला हाताला धरून ओढते. माझं तोंड चालत राहिलं.

धुक्यामधून हुकूम आला, मिटून तोंड निघा,
आईनं तर शिकवलं होतं, हाक मारून निघा.
नावामागून नाव घेतलं, सहावं त्याचं होतं,
हाकेमागून गोळी आली, सातवं माझं होतं.

मानांग, हे वाचताना तुझा आवाज बसला तर पाणी पी आणि मग पुढे वाच.

आपल्याकडे कुठलंही ठिकाण सोडताना कोण हाक मारत नाही? रानातून, नदीवरून, परक्या गावातून निघताना आपण वळतो आणि आपल्या माणसांची नावं घेतो: "चल, मागं राहू नकोस." शरीर निघतं, पण जीव घाबरून कुठंतरी बसून राहतो, म्हणून त्याला बोलवावं लागतं. आईच्या दुधाबरोबर येते ही सवय. तुम्ही वीस वर्षांचे होतात. खंदकात सात जण होतात, माघारीचा हुकूम होता, आवाज न करता निघायचं होतं. तुम्ही वळलात आणि हाक मारलीत. एकेका सोबत्याला. स्वतःला शेवटी ठेवलंत, कारण तुमच्या आईनं तसंच शिकवलं होतं.

तुम्ही एवढी वर्षं ते एकटेच घेऊन फिरलात. आणि मी ते मंचावर ओतलं.

कोरियाला निघायच्या दिवशी मी आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावायला वाकलो. तुम्ही हात काठीवरून काढला नाहीत. बरोबर केलंत. एवढंच सांगायचं होतं, लिलोंग. मला तुमचा अपमान करायचा नव्हता. मला सगळ्यांना दाखवायचं होतं की असलं कडवं रचणारा माणूस आमच्या घरात राहतो आणि संध्याकाळी माझ्याच ताटातली भाजलेली वांगी पळवतो.

ऑर्लिनो


रविवार, ६ मार्च

लिलोंग,

मानांगचं पत्र मी आतापर्यंत अकरा वेळा वाचलं. आज पाकला वाचून दाखवलं. त्याला आपली भाषा एक अक्षर कळत नाही, तरी तो ऐकत होता. काही ठिकाणी मी नक्कल करून दाखवली.

मानांगनं जसं घडलं तसंच लिहिलंय का, ते तुम्ही ऐकून बघा. चुकलं असेल तर तिच्या डोक्यात टपली मारा.

इकित सालिंग शुक्रवारी सकाळी आली. भाजीची टोपली नव्हती. अंगणातच उभी राहिली. मानांग म्हणाली, "आत या ना, इकित."

"आत बसायला नाही आले. मानोंग मेलेसिओ, बाहेर या."

तुम्ही बाहेर गेलात.

"नऊ महिने एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. खरं सांगा. नाव आधी की गोळी आधी?"

तुम्ही म्हणालात, "नाव आधी."

"पुरतं घेतलं होतं?"

"पुरतं. अंब्रोसिओ दुमलाओ. चल, मागं राहू नकोस. एवढं सगळं."

मग ती अंगणात, मातीतच बसली, असं मानांग लिहिते. मग म्हणाली, "म्हणजे तो आला."

"आला."

"कधीचा?"

"आमच्याबरोबरच. जहाजातून."

आणि मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो मानांगनं दीड पान लिहिलाय. "त्रेचाळीस वर्षं! दर नोव्हेंबरात मेलेल्यांना पान वाढते तेव्हा त्याच्या पानाशेजारी जाड घोंगडी ठेवते मी, पोरगं बर्फात कुडकुडत बसलंय म्हणून! आणि तो इथं, आपल्या उकाड्यात, त्या घोंगडीखाली घामानं भिजत बसलाय! मेल्या, तुला सांगायला काय झालं होतं? दर रविवारी समोर बसून माझी भाजी खात होतास ना?"

नऊ महिन्यांचं ते मानाचं 'मानोंग' आणि 'तुम्ही' एका दमात गेलं, असं मानांग म्हणते.

तुम्ही म्हणालात, "माझ्या हाकेनं तो गेला, सालिंग."

"गोळीनं गेला," ती म्हणाली. "हाकेनं घरी आला."

हे मी पाकला तीन वेळा सांगितलं. शब्द सापडत नव्हते, म्हणून फावडं आणि डबा घेऊन करून दाखवलं. त्याला कळलं. तो बॉयलरकडे तोंड करून बसला आणि उगाच कोळसा टाकत राहिला. साहेब परत ओरडत आला.

लिलोंग, मी नऊ वर्षं ते कडवं हातानं लिहिलं, तोंडानं म्हटलं, त्यातली चूक कुठं आहे ते शोधत राहिलो. तुम्हीही तेच केलंत. आपण दोघं शहाणे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं ते एकदाच ऐकलं आणि त्यातली खरी बातमी उचलली.

पण पत्राच्या शेवटी मानांगनं एक लिहिलंय, ते तुम्ही तिला लिहू देत नव्हतात म्हणे. उठताना इकित सालिंगनं विचारलं, "आणि तुझं नाव?" तुम्ही काठी चाचपायला लागलात. ती म्हणाली, "सातवं. तुझं. नंतर कधी घेतलंस की नाही?" तुम्ही गप्प. तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इतकी वर्षं मी भाजी कुणाला देत होते?" आणि तरातरा निघून गेली. दोन दिवसांनी टोपली आली, पण ती स्वतः आली नाही. टोपली कुंपणावर ठेवून गेली.

आता मी एक विचारतो. गावातलं कुठलं मूल ओढ्यात घसरलं, साप बघून दचकलं, रात्रभर रडायला लागलं, की आया तुमच्याकडे येतात. तुम्ही त्या ओढ्यावर जाऊन त्या मुलाच्या जिवाला हाक मारता. तुमच्या आवाजाला जीव लवकर येतो म्हणतात. मी शंभर वेळा तुमच्याबरोबर गेलोय. परत निघताना तुम्ही माझं नाव घेता. कुत्रा बरोबर असला तर त्याचंही घेता. तुमचं स्वतःचं मी कधीच ऐकलं नाही. मला वाटायचं, कवी आहेत, मनातल्या मनात घेत असतील.

एप्रिलच्या उन्हात सुद्धा तुम्ही खांद्यावर टॉवेल घेऊन बसता. आम्हाला वाटायचं, ही म्हाताऱ्यांची खोड.

ऑर्लिनो


रविवार, ३ एप्रिल

लिलोंग,

आज ईस्टर. चर्चला गेलो नाही. का, ते सांगतो. बऱ्याच गोष्टी मी वळणावळणानं लिहिल्या, आता सरळ लिहितो.

पहिला कारखाना मी 'सोडला' असं लिहिलं होतं. सोडला नाही, पळालो. माझा परवाना त्याच कारखान्याचा होता. पासपोर्ट तिथल्या मालकाच्या कपाटात आहे. एकाच यंत्रावर दिवसभर कपड्यांच्या चेन दाबत बसायचं, मला नाही जमलं. माझे पाय एका जागी ठरत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरपासून मी इथं कागदांशिवाय आहे. चर्चच्या दारात कधी कधी तपासणी होते, म्हणून गेलो नाही. मानांग, रडू नकोस. खातोपितो, अंगावर वाघाचं ब्लँकेट आहे.

दुसरं. तुमच्या कवितेत आहे ना, नदी विळ्यासारखी वळते आणि वर बसलेल्या रेड्यासारखा खडक आहे. मी पाकला त्याचं चित्र काढून दाखवलं. मला वाटलं होतं, डोंगर काय, हजार असतील. त्यानं चित्र हातात घेतलं आणि उलटं केलं. म्हणाला, "तू दक्षिणेकडून काढलंयस. मी उत्तरेकडून बघायचो." तो त्याच खोऱ्यातला आहे. आमचा बसलेला रेडा त्यांचा बसलेला बैल आहे, एवढाच फरक. त्याच्या बापाचं थडगं त्याच उतारावर आहे.

आता तो डोंगर सैन्याच्या कुंपणात आहे. वर्षातून एक दिवस, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला, गावच्या लोकांना आत सोडतात. तो दिवस येत्या बुधवारी आहे. दारावर नावांची यादी असते. पाकच्या नावापुढे 'आणि पुतण्या' असं लिहिलेलं आहे. पुतण्या बुसानला असतो, येत नाही. पाक म्हणतो, टोपी डोळ्यांवर ओढ, खुरपं हातात घे आणि मुका हो. तोंड उघडलंस की संपलं. परदेशी माणूस, कागद नाहीत, सैन्याच्या कुंपणात. आधी कोठडी, मग विमान.

मी जाणार आहे.

माझ्याकडे तुम्ही कधी काही मागितलं नाही, आत्ताही मागितलेलं नाही. उलट तुम्ही ओरडाल, की पोरा, घराचं छप्पर अर्धं झालंय, मानांगचं शिवणयंत्र यायचंय, आणि तू डोंगर चढतोस. बरोबर आहे. पण मी इथं रोज लोकांसाठी पांघरुणं रंगवतो, आणि तुम्ही तिथं उन्हात थंडीनं बसता. हे मला आता रोज दिसतं. वहीत लिहिलेलं असतं तर मी खोडलं असतं.

तिथं तुमचं नाव हळूच पुटपुटेन. शपथ. कुणाला ऐकू जाणार नाही.

ऑर्लिनो


रविवार, १० एप्रिल

लिलोंग,

हे पत्र कोठडीतून लिहितोय. घाबरू नका, कोठडी गरम आहे. जमिनीखालून ऊब येते इथं. जेवण वेळेवर मिळतं. पाकला सोडून दिलं, दंड झाला, पण त्यानं तिथंच तिघा शिपायांना शिव्या दिल्या म्हणे, त्यामुळे त्याचं समाधान झालेलं आहे.

सगळं क्रमानं सांगतो.

दारातून आत गेलो, कुणी विचारलं नाही. वर गुलाबी फुलांची झुडपं दाटली आहेत, सगळा उतार भरून. तुमच्या कवितेत ती नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा सगळं जळालेलं असणार. पाक बापाच्या थडग्यावरचं गवत काढत बसला, मला हातानं खूण केली, जा. खडकाखाली खंदक आहे अजून. बुजलाय, गुडघ्याएवढा राहिलाय, पण सात माणसं बसतील एवढी लांबी आहे. मी मोजून बघितलं. मांडी घालून, सरकत सरकत, सात वेळा.

आपल्या पद्धतीनं सगळं मांडलं. भात, उकडलेलं अंडं, उसाची दारू नाही म्हणून त्यांची तांदळाची पांढरी. विडी पेटवून दगडावर ठेवली. मग वाकून, अगदी हळू म्हटलं, "मेलेसिओ, चल."

काहीच वाटलं नाही, लिलोंग. भिंतीशी बोलल्यासारखं. आणि माझ्या मनात आलं, त्रेचाळीस वर्षं गप्प बसायचा हुकूम मिळालेला शिपाई हा. त्याच्या कानाशी पुटपुटून तो कसा उठेल? त्याला वाटेल, हुकूम अजून चालूच आहे.

मी उभा राहिलो. टोपी काढली. आणि ओढ्यावर तुम्ही मारता तशी, पोटातून, हाक मारली. "मेलेसिओ मादारांग! चल, घरी चल! मागं राहू नकोस! सालिंग भाजी घेऊन आली आहे! चल!" तीन वेळा. समोरच्या डोंगरानं चौथ्यांदा मारली.

तो आवाज माझा नव्हता. तुमचाच होता, मी फक्त घसा दिला. आणि त्याच क्षणी मला कळलं की तुम्ही तेव्हा काय केलंत. मूर्खपणा नव्हता तो, बेसावधपणाही नव्हता. तुमच्या आईनं तुम्हाला माणसं मागं न सोडायला शिकवलं होतं आणि सैन्यानं गप्प राहायला. दोन्हीपैकी एकच ऐकता येत होतं. मी मुका होऊन खाली उतरलो असतो तर आज हौदावर असतो. मला नाही जमलं. तुम्हालाही नव्हतं जमलं. आता त्याबद्दल मला कुणी काही बोललं तर मी त्याला तो डोंगर दाखवीन.

शिपाई धावत आला. माझ्याच वयाचा, माझ्याहून घाबरलेला. बंदूक माझ्यावर आणि डोळे अंड्यावर. खाली चौकीत नेलं. तिथला अधिकारी शांत होता. त्यानं विचारलं, "कुणाला हाक मारत होतास? कुणाला खूण देत होतास?"

"माझ्या आजोबांना."

"कुठं आहेत ते?"

"घरी. इलोकोसला."

"मग इथं कोण आहे?"

"इथंही तेच आहेत."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "कधीपासून?"

"एकोणीसशे एक्कावन्न. एप्रिल."

त्यानं माझा कागद जवळ ओढला. कागदावर लिहिलं होतं, चार महिने विनापरवाना. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्यापेक्षा ते जास्त दिवस विनापरवाना राहिले." हसला नाही. पण दोघांनाही परत पाठवतो, असं म्हणाला. 'दोघांनाही' म्हणाला, लिलोंग. मी नीट ऐकलं. अहवालात काय लिहिलं ते माहीत नाही.

तिथून गाडीत बसवलं तेव्हा मी खिडकीशी सरकलो. शेजारी तुमच्यापुरती जागा ठेवली. शिपाई बसायला आला तर मी म्हटलं, इथं नको, तिकडे बस. तो बसला तिकडे.

एकवीस तारखेचं विमान आहे. मनिलाहून बस धरून तेवीसला सकाळी घरी पोहोचेन. छप्पर अर्धंच राहणार. मानांग, यंत्राचं मी बघतो, रस्त्याच्या कामावर माणसं घेतायत असं तूच लिहिलं होतंस.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांनी ऐका. पुढचं काम कसं पुरं करायचं ते तुम्हीच मला शिकवलंय. जो जिवाला घेऊन येतो तो दाराबाहेर उभा राहून विचारतो, "आला का?" आणि आतून उत्तर यावं लागतं, "आला." उत्तर आल्याशिवाय जीव उंबरा ओलांडत नाही. मुलांच्या वेळी आई उत्तर देते.

तुमच्या वेळी कोण देणार, याचा मी इथं चार दिवस विचार करतोय. मानांग, तू द्यायचं नाहीस. इकित सालिंग त्या दिवशी आली असेल तर तिचं तोंड धरा, ती सगळ्यांत आधी ओरडेल. लिलोंग, हे उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मी बाहेरून विचारीन, "मेलेसिओ आला का?" मला माहीत आहे, मेपासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत. हा एकच बोला. पुढं पुन्हा वर्षभर गप्प बसलात तरी चालेल.

आणि लगेच जमलं नाही, तर मी अंगणात थांबेन. दुपार झाली तरी, संध्याकाळ झाली तरी. मला त्या दिवशी कुठल्याच कामावर जायचं नाहीये.

ऑर्लिनो